जिना कुणाचा?

एडिंबरातली दोनशे वर्षांची टेनेमेंट आणि सोलापुरातली काकूची चाळ. एकीचं कौतुक जगभर, दुसरीच्या पायरीखाली वीट. असं का बरं?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ, मी अजून पांघरुणातच, आणि मोबाइल टिंग! सोलापूरच्या कॉलेजातली माझी खास मैत्रीण. सध्या मुक्काम एडिंबरा, स्कॉटलंड. फोटो होता. गोल गोल वर चढत गेलेला दगडी जिना, नक्षीचा लोखंडी कठडा आणि अगदी टोकाला, आभाळाच्या जागी, काचेचा घुमट. खाली मेसेज : 'फायनली शिफ्ट झाले बे! जॉर्जियन टेनेमेंट. दोनशे वर्षं जुनी. लिस्टेड!!'

मी फोटो आईला दाखवला.

'टेनेमेंट म्हणजे काय गं?'

'एका जिन्यावर सात-आठ बिऱ्हाडं. रस्त्यावर दरवाजा एकच. शेजारच्या इमारतीशी भिंत सामायिक, डोक्यावरचं छप्पर सामायिक.'

लग्नानंतरची पंधरा वर्षं पेठेतल्या चाळीत काढलेल्या आईनं चष्मा कपाळावर सरकवला. 'मग चाळच की ही!'

मी हसले. मैत्रिणीला लगेच कळवलंही. तिनं वीस स्मायली पाठवले आणि म्हणाली, 'काकूंना सांग, या चाळीचं भाडं ऐकून चक्कर येईल.'

त्याच आठवड्यात खरोखरच्या चाळीतून फोन आला. माझी धाकटी काकू अजून तिथंच राहते. तळमजला अधिक एक, बारा खोल्या, लाकडी जिना, पुढे गॅलरी. मालक पुण्यात. महिन्याचं भाडं एका मसाला डोशापेक्षा कमी, त्यामुळे मालकाला तिच्यात किती रस असेल ते तुम्हीच ठरवा. काकू सांगत होती, जिन्याची तिसरी पायरी मोडली. मालक म्हणतो, तुम्ही राहता, तुम्ही करा. खालचे म्हणतात, आम्ही कुठं जिना चढतो? वरचे म्हणतात, मालकाचं काम आम्ही का करायचं? तात्पुरती खाली वीट लावलीय. 'आणि एका बिल्डरचं पत्र पण आलंय,' ती म्हणाली. 'तू पेपरात लिहितेस ना, वाचून सांग जरा.'

पत्र मी वाचलं. पण डोक्यात घोळत राहिले ते दोन जिने. एका जिन्याला कायद्याचं कवच, दुसऱ्याच्या पायरीखाली वीट. फरक नेमका कशाचा? दगडाचा आणि लाकडाचा? पौंडाचा आणि रुपयाचा? मलाही आधी तसंच वाटलं होतं.

राजवाड्याचा मुखवटा

आधी मैत्रिणीचं घर बघू. ब्रिटनच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात ओळीनं चार जॉर्ज बसले, म्हणून त्या काळातलं बांधकाम ते जॉर्जियन. आपण 'पेशवाईतला वाडा' म्हणतो ना, तसंच. गंमत म्हणजे काळही जवळजवळ तोच! बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं १७१३ साली आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं १८१७ मध्ये.

त्याआधीचं एडिंबरा म्हणजे एका लांबट टेकडीच्या पाठीवर दाटीवाटीनं उभ्या उंचच उंच दगडी इमारती. पसरायला जागा नाही, म्हणून शहर वर वर गेलं. वकील, सरदार, शिंपी, मोची सगळे एकाच जिन्यावर. १७५१ मध्ये अशाच एका सहा मजली इमारतीची बाजू कोसळली. तपासणी झाली, तर आणखी कितीतरी इमारती पडायच्या बेतात निघाल्या. मग शहराच्या कारभाऱ्यांनी उत्तरेकडच्या मोकळ्या जागेवर नवं शहर वसवायचं ठरवलं. नकाशासाठी स्पर्धा ठेवली आणि ती जिंकली जेम्स क्रेग नावाच्या विशीतल्या आर्किटेक्टनं. १७६७ मध्ये त्याचा आराखडा मंजूर झाला. सरळ रस्ते, दोन टोकांना दोन चौक, मधोमध रुंद जॉर्ज स्ट्रीट. हेच एडिंबराचं न्यू टाउन. म्हणायला 'न्यू', वय अडीचशेच्या पुढे!

इथल्या इमारतींना 'टेरेस्ड' म्हणतात. हा शब्द आपल्याला हमखास फसवतो. आपली टेरेस म्हणजे गच्ची, पापड वाळवायची. त्यांची टेरेस म्हणजे घरांची सलग ओळ, भिंतीला भिंत लावून उभी केलेली. तिची खरी युक्ती आहे दर्शनी बाजूत. आत असतील वीस-तीस वेगवेगळी घरं, पण बाहेरून सगळ्या ओळीला एकच चेहरा, जणू एकच राजवाडा. मधला भाग जरा पुढे आणलेला, दोन टोकांना तसेच उठावदार भाग, खिडक्यांच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सुतात. एकट्याला राजवाडा परवडत नाही ना? मग पंचवीस जणांनी मिळून राजवाड्याचा मुखवटा लावायचा!

मोठ्या रस्त्यांवर श्रीमंतांची स्वतंत्र घरं आणि आडव्या रस्त्यांवर, कोपऱ्यांवर टेनेमेंट, म्हणजे एका जिन्यावरचे फ्लॅट. रस्त्यावरून मात्र दोन्हींतला फरक चटकन कळू नये अशी रचना. मजला चढाल तशा खिडक्या लहान होत जातात, कारण मानाची दिवाणखान्याची पातळी खाली आणि नोकरमाणसं वर. खिडकीच्या दोन फळ्या खाली-वर सरकणाऱ्या, बारीक लाकडी पट्ट्यांनी सहा-सहा काचांत विभागलेल्या. एवढे तुकडे का? तर मोठी काच तेव्हा फार महाग पडायची. आणि तो फोटोतला जिना? त्याची प्रत्येक पायरी एका टोकानं भिंतीत रुतवलेली आणि खालच्या पायरीवर टेकलेली. मधे खांब नाही, तुळई नाही. इमारतीच्या पोटात असल्यामुळे जिन्याला रस्त्याकडची खिडकी मिळत नाही, म्हणून उजेड डोक्यावरून घ्यायचा. काचेचा घुमट त्यासाठी, शोभेसाठी नव्हे.

शब्दाचीही गंमत बघा. लंडन-न्यूयॉर्ककडे 'टेनेमेंट' म्हटलं की डोळ्यांसमोर गरिबी, कोंदट खोल्या, कपड्यांच्या दोऱ्या. डब्लिनमध्ये तर श्रीमंतांची जॉर्जियन घरंच पुढे खोली-खोलीनं भाड्यानं गेली आणि युरोपातल्या वाईटातल्या वाईट वस्त्यांत मोजली जाऊ लागली. स्कॉटलंडमध्ये मात्र टेनेमेंट म्हणजे फक्त एकावर एक घरं असलेली इमारत. तीत प्रोफेसर राहतो, प्लंबर राहतो आणि सोलापूरची माझी मैत्रीणही राहते. आपल्याकडे 'चाळीत राहतो' म्हणताना आवाज किंचित खाली येतो. (मीही कॉलेजात 'पेठेत राहते' म्हणायचे. आता कबूल करून टाकते.)

आता 'लिस्टेड'चा अर्थ. तिथं महत्त्वाच्या जुन्या इमारतींची सरकारी यादी असते, 'ए', 'बी' आणि 'सी' अशा वर्गांत. यादीत नाव आलं की इमारतीचं रूप बदलेल असा कुठलाही फेरफार परवानगीशिवाय करायचा नाही. केलात तर तो चक्क गुन्हा! मैत्रीण थंडीनं कुडकुडते, पण घरमालक खिडकीला वाटेल तशी नवी फ्रेम बसवू शकत नाही. 'हेरिटेजची हवा फटीतून आत येते बे,' असं ती म्हणते आणि आपली सोलापुरी चादर दुहेरी करून घेते.

दहा बाय बाराचं जग

चाळीचा जन्म कौतुकातून झालेला नाही. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गिरण्या उभ्या राहिल्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं आली, त्यांना झोपायला छप्पर हवं होतं. एका ओळीत खोल्या, पुढे लांब गॅलरी, टोकाला जिना, मागे नळ आणि संडास. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त माणसं. डिझाइन असं काही नव्हतंच म्हणायचं.

पण नीट बघा. गॅलरी म्हणजे नुसता जायचा-यायचा रस्ता नाही. ती भिंतीवर ऊन पडू देत नाही, पाऊस दारापासून लांब ठेवते आणि समोरासमोरच्या दार-खिडकीतून वारा खेळवते. खोलीत न मावणारं सगळं आयुष्य गॅलरीत येतं. पाळणा, गहू निवडणं, बारावीचा अभ्यास, भांडण, लग्नाची बोलणी. दहा बाय बाराच्या खोलीचं खरं क्षेत्रफळ मोजायचं तर गॅलरी धरून मोजायला हवं. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ मध्ये बसला तो गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत. सामायिक अंगण होतं म्हणून सार्वजनिक गणपती शक्य झाला, असं मला वाटतं.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाट वस्त्यांवर खापर फुटलं आणि १८९८ मध्ये सरकारनं 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' काढला. जुन्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि कामगारांसाठी चाळी बांधायच्या. याच त्या बीआयटी चाळी. परळच्या बीआयटी चाळीत, पहिल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ राहिले. कोलंबियाला गेले ते या पत्त्यावरून आणि लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले तेही याच जिन्यावर. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला आले तेही इथंच. लंडनमधलं ज्या घरात बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहिले, ते महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं आणि स्मारक केलं. तिथं ते जेमतेम वर्ष-दोन वर्षं होते. परळच्या दोन खोल्यांत बावीस!

बीआयटीनंतर आल्या बीडीडी चाळी. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात बांधलेल्या २०७ इमारती : वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. पैसा उभा केला कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावून. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. सगळं काम सिमेंट-काँक्रीटचं, म्हणजे त्या काळातलं अगदी लेटेस्ट तंत्रज्ञान. पण इथं गॅलरी गेली! मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. वारा अडला, दिवसाही बोळात अंधार. सुरुवातीला कामगार तिथं राहायला येईनात, कित्येक खोल्या रिकाम्या पडून होत्या. वरळीच्या काही चाळींचा तर १९३०च्या सत्याग्रहात तात्पुरता तुरुंग झाला. ज्यांनी आराखडा काढला त्यांना माणसं मोजता आली, गॅलरी कशासाठी असते ते कळलं नाही.

प्लेगचा उंदीर आणि स्कॉटिश प्रोफेसर

एडिंबरा आणि आपल्या चाळींच्या मधे एक माणूस उभा आहे. पॅट्रिक गेडिस. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ, दाढी विस्कटलेली, बोलायला लागला की थांबत नसे म्हणतात. १८८०च्या दशकात एडिंबराच्या जुन्या भागाची पार रया गेली होती. पैसेवाले न्यू टाउनला निघून गेले, मागे उरल्या गच्च भरलेल्या टेनेमेंट. १८६१ मध्ये त्यातली एक मध्यरात्रीनंतर कोसळली आणि ३५ माणसं दगावली होती. अशा वस्तीत गेडिस आणि त्याची बायको ॲना मुद्दाम राहायला गेले. जेम्स कोर्ट नावाच्या टेनेमेंटमध्ये. लग्न नुकतंच झालेलं, फ्लॅट न्यू टाउनमध्ये सहज मिळाला असता. त्यांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून साफसफाई केली, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडं लावली. जी एखादी भिंत वा खोपटं हवा-उजेड अडवतं तेवढंच पाडायचं, बाकीचं दुरुस्त करायचं, हे त्याचं सूत्र. नंतर त्यानं या पद्धतीला शस्त्रक्रियेची उपमा दिली : अवयव वाचवून केलेलं ऑपरेशन.

१९१४ मध्ये हा गृहस्थ हिंदुस्थानात यायला निघाला. सोबत नगररचनेचं भलं मोठं प्रदर्शन. ते वेगळ्या बोटीनं येत होतं आणि पहिल्या महायुद्धात 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेनं ती बोट बुडवली. गेडिसनं मित्रांकडून नकाशे-चित्रं पुन्हा गोळा केली आणि १९१५च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरवलंच! मग तो गावोगाव हिंडला. एका गल्लीतून रुंद रस्ता काढायच्या सरकारी योजना बघायचा आणि हिशेब मांडायचा, की एवढी घरं पाडण्यापेक्षा दोन पडकी घरं हटवा, विहीर साफ करा, एक झाड लावा. पैसेही वाचतील, माणसंही.

होळकरांच्या इंदूरमधला त्याचा किस्सा भारी आहे. प्लेगनं गाव धास्तावलेलं. गेडिसनं होळकरांकडून एका दिवसाचा राजा व्हायची परवानगी मागितली आणि दिवाळीत दणक्यात मिरवणूक काढली. हत्ती, घोडे, राक्षसाचा पुतळा, त्याच्यामागे प्लेगचा भला मोठा उंदीर. मिरवणुकीचा मार्ग कोणता? तर ज्या रस्त्यांवरच्या लोकांनी घरं सर्वांत जास्त झाडून-पुसून, डागडुजी करून ठेवली असतील तोच. मार्ग आधी ठरलेला नाही म्हटल्यावर अख्खं इंदूर झाडू घेऊन उठलं! १९१९ ते १९२४ तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्रोफेसर होता. त्याच्यानंतर विभाग सांभाळला तो आपल्या गो. स. घुर्ये यांनी. म्हणजे बीडीडीचे ते काँक्रीटचे ठोकळे उभे राहत होते तेव्हा, 'पाडू नका, दुरुस्त करा' म्हणणारा माणूस त्याच शहरात वर्ग घेत होता. कुणी ऐकलं नाही, ते दिसतंच आहे.

यादीत नाव आलं म्हणून...

इथवर वाचून वाटेल, की आपल्या चाळींना 'लिस्टेड' केलं की झालं. थांबा.

मुंबईत हेरिटेज वास्तूंची यादी आणि नियम १९९५ पासून आहेत. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, त्या यादीत आहे. या इमारतीचा सांगाडा बिडाच्या लोखंडाचा. सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतले आणि १८६०च्या दशकाच्या अखेरीस इथं जोडले. ७ जुलै १८९६ रोजी भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला तो इथंच! पुढे हॉटेल बंद पडलं, मोठ्या खोल्यांच्या छोट्या खोल्या झाल्या, भाडेकरू आले, वकिलांची ऑफिसं आली. थोडक्यात, हॉटेलची चाळ झाली. यादीत नाव असतानाच २००५ मध्ये तिच्या सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. पुढच्याच वर्षीच्या यादीत जगातल्या शंभर संकटग्रस्त वास्तूंत तिचं नाव झळकलं. २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामी केली.

आता कळीचा मुद्दा. भाडेनियंत्रण कायद्यानं मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. तेव्हा ते गरजेचंही होतं, नाहीतर कामगार रस्त्यावर आला असता. पण मालकाला भाड्यातून डागडुजी परवडेना आणि भाडेकरूला आपली नसलेली भिंत कशाला रंगवायची असं वाटू लागलं. खोली ज्याची तो आत टाइल्स बसवतो, पीओपी करतो, फ्लॅट टीव्ही लावतो. जिना कुणाचाच नाही. १९६९ मध्ये सरकारनं जुन्या इमारतींवर उपकर लावून दुरुस्तीची जबाबदारी स्वतंत्र मंडळाकडे दिली, तेव्हा मुंबई शहरात अशा १९,६४२ इमारती होत्या. मंडळ किती ठिकाणी पुरणार?

आणि स्कॉटलंड? तिथंही लोक काही देवमाणसं नाहीत. पूर्वी छपराचा खर्च बहुतेक ठिकाणी वरच्या मजल्यावाल्याच्या गळ्यात पडायचा आणि खालचा खुशाल म्हणायचा, माझ्या डोक्यावर कुठं गळतंय? एडिंबरात पालिका स्वतः दुरुस्ती करून घेऊन रहिवाशांना बिल पाठवायची. ती योजना गैरव्यवहाराच्या आरोपांत अडकली आणि २०११ मध्ये थांबवावी लागली. १९६०च्या दशकात न्यू टाउनचीही पडझड झालीच होती. १९७० मध्ये ते वाचवण्यासाठी खास परिषद भरली, समिती झाली, अनुदानं आली, शाळकरी कौतुकापलीकडचं काम सुरू झालं आणि १९९५ मध्ये जुनं-नवं दोन्ही एडिंबरा जागतिक वारसा यादीत गेलं.

पण मला सगळ्यात आवडली ती २००४ सालची एक रूक्ष गोष्ट. स्कॉटलंडच्या संसदेनं केलेला 'टेनेमेंट्स (स्कॉटलंड) ॲक्ट'. छप्पर, पाया, बाहेरच्या भिंती हे सगळ्यांचं. दुरुस्ती करायची का, हे बहुमतानं ठरवायचं. ठरलं की विरोध करणाऱ्यानंही वाटा द्यायचा. तळमजल्यावाल्यानं छपराचा, वरच्यानं पायाचा! जिना सामायिक असेल तर तो वापरणाऱ्या सगळ्यांनी मिळून सांभाळायचा. मैत्रिणीच्या जिन्यात मार्चमध्ये नोटीस लागली होती, छप्पर दुरुस्तीचा खर्च आठ फ्लॅटमध्ये वाटून. तिचा घरमालक आठ दिवस तणतणला आणि गपचूप पैसे भरले. यादीत नाव आहे म्हणून तो घुमट टिकला हे खरंच, पण त्याची काच बदलायला दर वेळी आठ जणांचे खिसे लागतात.

परत सोलापूर

आपल्या गावाची गोष्ट जरा वेगळी आहे. इथं चाळीच्याही आधी माळवद होतं. लाकडी तुळया, त्यावर काटक्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे लहानपणी आजीच्या गावी आम्ही एका माळवदावरून दुसऱ्यावर उड्या मारत गल्लीच्या टोकापर्यंत जायचो. मे महिन्यात पारा ४४ ला टेकला तरी आत गारवा. छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक, पाऊस आला की त्यावर काहीतरी झाकायचं. मैत्रिणीच्या घुमटाचा हा आपला गरीब चुलतभाऊ! आणि दर वर्षी पावसाआधी सगळी गल्ली माळवदावर नवी माती टाकायची. शेजाऱ्यानं टाकली नाही तर पाणी आपल्या भिंतीत उतरणार, हे सांगायला कायदा लागायचा नाही.

मग १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली, जिला आपण 'जुनी मिल' म्हणतो. पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम. भोंग्यावर गाव उठायचं, भोंग्यावर जेवायचं. गिरण्यांभोवती बैठ्या चाळींच्या ओळी उठल्या, पेठांतून माडीच्या चाळी. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू एकाच नळावर. आपली ती सोलापुरी भाषा, जिला पुण्यात गेल्यावर लोक हसतात, ती याच नळावर घडली असणार. जुनी मिल १९६०च्या दशकात बंद पडली, पुढे बाकीच्यांचीही गत तीच झाली. चाळीतली माणसं मात्र तिथंच राहिली. मालकच उरला नाही तर जिन्याबद्दल तक्रार करायची कुणाकडे?

इंद्रभुवनासमोर आपण सेल्फी काढतो. काढायलाच हवी, आप्पासाहेब वारदांची ती हवेली आहेच तशी देखणी. पण गावातला कापूस ज्यांनी कातला त्यांच्या घरांसमोर कुणी थांबत नाही. मी थांबले एकदा. कौलांच्या कडेला लाकडाची कातरलेली झालर होती, बहुतेक एखाद्या सुतारानं हौसेनं केलेली. तिच्यावर केबलचा जाडजूड काळा गुंडाळा टांगलेला.

सगळं जपा, असं मी म्हणणार नाही. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षं सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्यांना 'गॅलरीतलं सहजीवन' ऐकवायचा अधिकार मला नाही. आपल्या कुंभारीत विडी कामगारांची दहा हजार घरं २००६ मध्ये झाली, शेजारी रे नगरची पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. स्वतःच्या नावाचं घर ही काय चीज आहे, ते तिथल्या बायकांना विचारा. मला फक्त एवढंच विचारायचंय, की त्या नव्या घरांचे जिनेही सामायिकच आहेत ना? पंचवीस वर्षांनी त्यांच्या पायऱ्या कोण बघणार, हे आत्ता कुठं कागदावर लिहिलंय का?

काकूच्या चाळीत गेल्या महिन्यात मीटिंग झाली. गॅलरीतच. बिल्डरच्या पत्रावर दोन तास चर्चा झाली आणि काही ठरलं नाही, कारण पत्रात कार्पेट किती, तात्पुरतं भाडं किती, कधीपर्यंत, यातलं काहीच नव्हतं. उठता उठता मी टेनेमेंट कायद्याची गोष्ट सांगितली. तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, 'म्हणजे आम्ही जिन्याचे पैसे द्यायचे? आणि आमच्या उंबऱ्यात पाणी येतं, त्याचं काय?' काकू लगेच म्हणाली, 'त्याचे वरचे देतील की!' जरा वेळ कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी चहा आणला.

दुसऱ्या दिवशी काकूनं स्टीलचा डबा फिरवला. सुतार आला, जिना बघितला, बोटानं ठोकून म्हणाला, 'सागवान आहे वैनी, असलं आता मिळत नाही. एकच पायरी गेलीय, बाकी अजून तुमच्या नातवंडांना पुरंल.' पायरी बसली. उंबऱ्याचं काम पावसाआधी करायचं ठरलंय. डब्यात दहा खोल्यांचे पैसे जमलेत. दोन खोल्यांचे यायचेत.